वरच्या कागदाची तारीख

गल्लीत त्यांना सगळे हॅलोबाई म्हणत. हे नाव काही उगाच पडले नव्हते. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी दार वाजले की आतून "आले आले" न येता "हॅलो" असाच आवाज येई. पोस्टमन हसे, दूधवाला हसे. हॅलोबाईंना त्याचे काही वाटत नसे. हाक आली की लगेच ओ द्यावी, काम मागाहून झाले तरी चालते, हे त्यांचे नोकरीतले शिक्षण होते आणि संसारातही त्यांनी ते जसेच्या तसे आणले होते.

त्या काळी लांबचा फोन लागायला तास तास जात. एक्स्चेंजच्या मोठ्या बाई, ज्यांना सगळ्या मुली टरकून असत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताकीद दिली होती : फोन लागो न लागो, थांबलेल्या माणसाला मधूनमधून विचारत राहायचे, "लाईनवर आहात ना? प्रयत्न चालू आहे." नाही विचारले तर त्याला वाटते आपल्याला विसरले. हॅलोबाईंच्या हे इतके अंगवळणी पडले होते की घरी पाहुण्याला चहा टाकला तरी त्या दोनदा बाहेर येऊन सांगून जात, की पाणी तापतेय हं. पाहुणा बिचारा मान डोलवी. एवढ्याशा सवयीने कोणाचे काय बिघडणार, असे कोणीही म्हणेल. पण बिघडले, आणि चांगलेच बिघडले.

हॅलोबाईंचे यजमान उचलत्या पुलावर चालक होते. नदी जिथे बंदराला मिळते तिथे हा पूल होता, आणि मोठी बोट आली की तो मधोमध दुभंगून वर उचलावा लागे. चालकाच्या केबिनमध्ये एक दिवा असे. दोन्ही टोकांची फाटके पक्की बंद झाली की दिवा हिरवा होई, तोवर लाल. हिरवा झाला की दांडा ओढायचा. काम दिसायला सोपे होते, आणि पूलवाले (गल्ली त्यांना याच नावाने ओळखे) ते डोळ्यात तेल घालून करत.

एका संध्याकाळी त्यांनी दांडा ओढला तेव्हा पलीकडचे फाटक उघडेच होते. एक मोटरसायकलवाला भरधाव येऊन वर चढणाऱ्या पुलावरून थेट पाण्यात गेला. सापडला तो दुसऱ्या दिवशी.

खात्याची चौकशी बसली. झोप झाली होती का, दारू घेता का, लाल-हिरवा नीट ओळखता येतो का, सगळे विचारून झाले. मग पूलवाल्यांची बदली खात्याच्या रंगाच्या गोदामात झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. चौकशीचा अहवाल काही बाहेर आला नाही. त्यांना कोणी दोषी म्हटले नाही आणि निर्दोषही म्हटले नाही. दोषी म्हटले असते तर निदान भांडता तरी आले असते! "दिवा हिरवा होता," एवढेच ते म्हणत, आणि तेही कोणी विचारले तर. मात्र त्या पुलावर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. पलीकडच्या काठावर त्यांची बहीण राहत असे. तिच्याकडे जायचे तर ते दुसऱ्या पुलापर्यंत एवढा मोठा वळसा घालून जात. "माझ्याकडे यायचं तर दादा अंथरूण बांधूनच निघतो," असे ती म्हणे.

पुढे कायदा झाला, की सरकारी कागद कोणालाही मागता येतो. हॅलोबाईंनी विषय काढला तेव्हा पूलवाल्यांनी झटकून टाकला. "गाडलेलं उकरून काय मिळणार आहे?" ते म्हणाले. हॅलोबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांची चूक म्हणायची तर ती तिथून सुरू होते. पण नवऱ्याच्या जुन्या दुखण्याला हात लावायचा नाही असे ठरवणाऱ्या बायकोला कोणी चूक म्हणत नाही.

मग पूलवाले विसरू लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावे. इथवर हॅलोबाईंनी हसण्यावारी नेले. एका सकाळी चहाचा कप हातात धरून ते म्हणाले,

"लाल होता गं."

"काय लाल होता?"

"दिवा. लाल होता, आणि तरी मी ओढला."

ते खोटे बोलत नव्हते. जे आठवत होते तेच सांगत होते, आणि तेच वाईट होते. त्यानंतर काही दिवस हिरव्याचे असत आणि काही लालचे. हिरव्याच्या दिवशी माणूस जेवे, पेपर चाळे, पंख्याच्या आवाजावरून मेकॅनिकला नावे ठेवी. लालच्या दिवशी ते जेवणाला हात लावत नसत. त्या मोटरसायकलवाल्याच्या आईचे घर कुठे आहे, मला तिच्याकडे जायचे आहे, असा त्यांचा एकच धोशा असे. ती बाई जाऊन किती वर्षे झाली होती, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "त्यांना काही सांगायचं राहिलं असेल तर लवकर सांगून टाका," ते म्हणाले. "अजून सांगितलेलं धरून ठेवतात. पुढे पुढे ऐकतील, पण आत काही राहणार नाही."

हॅलोबाईंनी त्याच आठवड्यात बंदर व पूल खात्याकडे अर्ज केला. मागणी एका ओळीची होती : त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मिळावा. दिवा हिरवा होता की लाल, एवढेच त्यांना हवे होते. लाल निघाला असता तरी त्यांची तयारी होती. रोज सकाळी नवऱ्याचे तोंड बघून आज कोणता रंग आहे हे ओळखत बसायचे, यापेक्षा काहीही परवडले असते.

खात्याची पोच आली. प्रत्येक मागितलेला कागद बाहेर देण्याआधी एक अधिकारी तो वाचून तपासतो, कोणाचे खासगी काही त्यात नाही ना, गुप्त ठेवण्यासारखे काही नाही ना ते पाहतो. तेव्हा कृपया प्रतीक्षा करावी, असे त्यात होते. सगळ्या खात्याला मिळून असा तपासणी अधिकारी एकच होता, हे मात्र त्यात नव्हते. कायद्यात महिन्याची मुदत लिहिलेली होती. ती मुदत सरकारी कचेरीत कोणी मनावर घेत नसे.

महिना सरला. हॅलोबाईंनी पहिल्या तारखेला आपल्या वळणदार अक्षरात दोन ओळींचे पत्र टाकले : अर्जाची वाट पाहत आहे, कळावे. उत्तर आले, "आपला अर्ज तपासणीच्या रांगेत आहे." त्यांना बरे वाटले. पलीकडे कोणीतरी आहे, लाईन तुटलेली नाही. पुढच्या पहिल्या तारखेला त्यांनी पुन्हा पत्र टाकले. त्याच्या पुढच्या पहिल्या तारखेलाही. कधी रागाचा शब्द नाही, कधी टोमणा नाही. दर महिन्याला तेच छापील उत्तर येई आणि हॅलोबाई ते नीट घडी करून डब्यात ठेवत. एका वर्षाची दोन वर्षे झाली. पूलवाले आता शेजाऱ्यांना ओळखेनासे झाले होते आणि लालचे दिवस वाढत चालले होते.

शेवटी हा विषय पुतणीच्या हाती लागला. पूलवाल्यांच्या थोरल्या भावाची ही मुलगी. ती पेशाने वकील होती आणि घरातही वकिलीच करी. साधा भाजीचा विषय निघाला तरी ती उलटतपासणी घेई. एका रविवारी तिने ती सगळी छापील उत्तरे पुढ्यात घेतली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काकू, महिन्याची मुदत आहे कायद्यात! आणि तुम्ही डब्यात कागद साठवताय?"

"अगं, उत्तर तर देतायत ना दर वेळी."

"हे उत्तर आहे? या वाटाण्याच्या अक्षता आहेत. तुम्ही सही करा, मी कोर्टात जाते."

हॅलोबाईंनी सही केली. पुतणीने याचिकेत नुसता एक अहवाल मागितला नाही. या खात्यात मुदत उलटून गेलेले जेवढे अर्ज पडून आहेत ते सगळे ठरावीक दिवसांत निकालात काढा, असाही आदेश मागितला. ही बातमी कशी कोण जाणे पसरली, आणि प्रत्येक तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आणखी चार-पाच तोंडे दिसू लागली. त्यांतला एक बेकरीवाला होता. बंदराच्या धक्क्याची भिंत त्याच्या बेकरीवर कोसळून भट्टी गाडली गेली होती आणि त्याचा भाऊ एका पायाने अधू झाला होता. ती भिंत कधी कोणी तपासली होती का, एवढे त्याला हवे होते. तो कागदाच्या पिशवीतून गरम पाव आणी आणि सरकारी पक्षाच्या शिपायासकट सगळ्यांना वाटे.

"तुमचा निकाल लागला की आमचा लागलाच म्हणायचा," तो हॅलोबाईंना म्हणे. हॅलोबाईंना हे ऐकून अवघडल्यासारखे होई. त्या एका दिव्याचा रंग विचारायला आल्या होत्या.

शेवटच्या सुनावणीची सकाळ उजाडली ती हिरव्याची. पूलवाले स्वतःहून उठले, दाढी केली आणि म्हणाले, "आज कोर्ट ना गं तुझं?" हॅलोबाईंनी मान हलवली. "त्यांना सांग, हिरवा होता म्हणून." कित्येक आठवड्यांत इतके सरळ वाक्य ते बोलले नव्हते. शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून हॅलोबाई निघाल्या तेव्हा त्यांना वाटले, आज सगळे नीट होणार.

खात्याचे तपासणी अधिकारी त्या दिवशी साक्षीला आले होते. चेहऱ्यावरून कोणाचे वाईट न केलेला माणूस. हॅलोबाईंची फाइल त्यांनी दोन्ही हातांनी, जपून धरली होती. पुतणी उठली.

"अर्ज आला तेव्हा रांगेत कुठे लागला?"

"शेवटी. सगळे शेवटीच लागतात."

"आणि मग पुढे सरकतात?"

"सरकतात की."

"मग हाच का नाही सरकला?"

"हाही सरकत होता. पण बाईंचं पत्र आलं." अधिकाऱ्यांनी फाइल उघडून दाखवली. "पत्र आलं की ते फायलीत सगळ्यात वर लावायचं. आणि आमचे गठ्ठे वरच्या कागदाच्या तारखेने लावलेले असतात."

न्यायाधीश इतका वेळ खाली बघून लिहीत होते. त्यांनी मान वर केली. "म्हणजे पत्र आलं की फाइल कुठे जाते?"

"नव्या तारखेच्या जागी, साहेब. तळाला."

"का?"

"अर्जदार पत्रातून मागणी बदलतात कधी कधी. आम्ही जुनी मागणी धरून सगळं तपासलं आणि नंतर मागणी बदललेली निघाली, तर मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्यापासून अशीच पद्धत आहे." मिठाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे सांगावे तितक्या सहजपणे ते सांगत होते.

"या बाईंनी मागणी बदलली होती?"

अधिकाऱ्यांनी एकेक पत्र उलटले. घाई केली नाही. "नाही. वाट पाहत आहे, कळावे, एवढंच आहे. सगळ्या पत्रांत तेच." मग त्यांना वाटले असावे की बाईंच्या बाजूनेही काहीतरी बोलावे. "अक्षर फार सुंदर आहे."

मागे कोणीतरी फसकन हसले. न्यायाधीश हसले नाहीत.

"यांनी एकही पत्र पाठवलं नसतं तर?"

"तर त्याच वर्षी झालं असतं, साहेब. थंडी पडायच्या आत."

पुतणीला याहून चांगले उत्तर मिळालेच नसते. तिने विजयाने वळून काकूंकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. हॅलोबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्या वर्षीच्या थंडीत पूलवाले अजून शब्दकोडी सोडवत होते. अडलेला शब्द आतून ओरडून विचारत होते. त्या थंडीत त्यांना सांगितले असते तर त्यांनी ते धरून ठेवले असते. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर एक वेळ चालले असते. हा त्यांनी नवऱ्याच्या पायावर पाडला होता, आणि तोही दर महिन्याला, सुंदर अक्षरात. हॅलोबाईंना अधिकाऱ्यांचा राग आला नाही. आला असता तर बरे झाले असते. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की पदराचे टोक त्यांनी मुठीत पिळून चुरगळून टाकले.

जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश सांगतो, असे म्हणून न्यायाधीश उठले. तो आदेश कोणत्या बाजूचा असणार हे पट्टेवाल्यालाही कळले होते. सरकारी वकिलांना तर नक्कीच कळले होते, कारण सुट्टी होऊन चहा येतो न येतो तोच ते व्हरांड्यात आले. त्यांच्या हातात एक जाड पाकीट होते.

"तपासणी पूर्ण झाली," ते म्हणाले.

"कधी?" पुतणी म्हणाली.

"झाली."

"दोन वर्षं झाली नाही ती चहा यायच्या आत झाली?"

सरकारी वकिलांनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. ते थेट हॅलोबाईंशी बोलले, आणि बोलले नरमाईने. अहवाल यात आहे, आत्ता घ्या. फक्त कोर्टासमोर एवढे सांगायचे, की आता तक्रार उरली नाही आणि याचिका मागे घेत आहे. ते जरा लांब जाऊन खिडकीपाशी उभे राहिले.

पुतणीने काकूंना बाकावर बसवले आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवी बसली. पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"नीट ऐका, काकू. याचिका मागे घेतली की आदेश निघणार नाही. पद्धत तशीच राहणार. पडून राहिलेले अर्ज तसेच राहणार. हे नेहमी असंच करतात. कोणी शेवटपर्यंत आलं की त्याला त्याचा कागद द्यायचा आणि आदेश चुकवायचा. उद्या दुसऱ्या कोणी याचिका केली तर पहिल्यापासून सुरुवात, आणि शेवटी त्यालाही असंच पाकीट."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर आज आपण जिंकतो. मग ते वरच्या कोर्टात जातात, स्थगिती घेतात. तिथे आपण बहुतेक पुन्हा जिंकू. पण तोवर तुमचाही कागद अडकला."

"किती दिवस?"

"दिवस नाही, काकू. वर्ष धरा. जास्तही."

"तू काय म्हणतेस?"

"मी तुमची वकील आहे. तुम्ही म्हणाल ते." एवढे बोलून ती थांबली आणि मग तिच्याने राहवले नाही. "काकांची पुतणीपण आहे मी. मला विचारू नका."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बेकरीवाला बसला होता. बोलणे त्याच्या कानावर पडत होते आणि पडत नसल्याचा आव त्याने आणला नाही. हॅलोबाईंनी त्याच्याकडे पाहिले.

"मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं," तो म्हणाला. मग पिशवीची घडी घालत म्हणाला, "तरी घेऊ नका, बाई."

बेकरीवाल्याचे म्हणणे रास्त होते. व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येकाचे म्हणणे रास्त होते. हॅलोबाईंना नवऱ्याचा सकाळचा दाढी केलेला चेहरा आठवला, आणि ते सरळ वाक्य. आजचा दिवस हिरव्याचा होता. उद्याचा कोणता असेल, असेल की नाही, कोणी सांगावे? ज्या माणसाला आपणच दोन वर्षे मागे ढकलले त्याला आता आणखी एक वर्ष थांब म्हणायचे, हे त्यांच्याने होईना.

"घेते," त्या म्हणाल्या.

सुट्टीनंतर न्यायाधीश येऊन बसले तेव्हा त्यांच्यापुढे लिहिलेले कागद होते. सरकारी वकिलांनी उठून निवेदन केले. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले आणि हॅलोबाईंना उभे राहायला सांगितले.

"तुम्हाला कोणी भाग पाडलं नाही ना?"

"नाही."

"तुमची तक्रार उरली नाही?"

"नाही," हॅलोबाई म्हणाल्या. आयुष्यात इतके मोठे खोटे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

न्यायाधीशांनी पुढचे कागद एकत्र करून बाजूला ठेवले. "याचिका मागे घेतली, सबब निकाली," त्यांनी सांगितले आणि पट्टेवाल्याने पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला. सरकारी वकील पाकीट देऊन, सही घेऊन, जीव भांड्यात पडल्यासारखे निघून गेले.

बाहेर बाकावरची मंडळी उठू लागली होती. कोणी हॅलोबाईंना बोल लावला नाही. दोन बायका त्यांच्याकडे न बघता जिना उतरल्या. बेकरीवाला भिंतीला टेकून उभा होता. हॅलोबाई त्याच्यापाशी गेल्या, कारण न भेटता जाणे त्यांना जमले नसते.

"पुन्हा खात्याला पत्र टाकू नका हं," त्या म्हणाल्या. दुसरे देण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते.

"आज सकाळीच टाकून आलोय," बेकरीवाला म्हणाला. मग त्याचे त्यालाच हसू आले, आणि हसता हसता तो तोंड फिरवून चालू लागला.

पुतणी त्यांना घरापर्यंत सोडायला आली, पण वर आली नाही. तिला दुसरे काम होते म्हणे. हॅलोबाईंनी आग्रह केला नाही.

शेजारीण दारातच भेटली. "नीट जेवले. शांत आहेत. दुपारी जरा डोळा लागला होता," असे सांगून ती गेली. पूलवाले खिडकीपाशी टेबलाशी बसले होते. दाढी सकाळचीच गुळगुळीत होती, शर्टाची बटणे नीट लावलेली होती. हॅलोबाईंनी चप्पलही न काढता त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि पाकीट फोडले. कागदांवर जागोजागी काळे पट्टे मारलेले होते, पण ते नावांवर. बाकीचे सगळे वाचता येत होते. हॅलोबाईंनी आधी मनात काही वाचले नाही. जे असेल ते दोघांनी एकदमच ऐकायचे, असे त्यांनी वाटेतच ठरवले होते. त्या मोठ्याने, शब्द न शब्द सुटा करून वाचू लागल्या.

पलीकडच्या फाटकाची तार झिजून दुसऱ्या तारेला चिकटली होती. त्यामुळे फाटक उघडे असतानाही केबिनमधला दिवा हिरवा होत होता. अपघाताच्या वेळी दिवा हिरवाच असला पाहिजे, अशी समितीची खात्री आहे. या दोषाबद्दल दुसऱ्या पाळीच्या चालकाने आधी लेखी कळवले होते, त्यावर कार्यवाही झाली नाही. चालकाची चूक आढळत नाही.

खाली तारीख होती. पूलवाल्यांची रंगाच्या गोदामात बदली झाली त्याच्या आदल्या आठवड्यातली.

हॅलोबाईंनी कागद टेबलावर टेकवला. पूलवाले भुवया जवळ आणून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. कामाचे बोलणे चालले की ते असेच ऐकत.

"ते तारेचं पुन्हा वाचा," ते म्हणाले.

हॅलोबाईंनी पुन्हा वाचले.

"बरोबर. तार चिकटली की असंच होणार. आतल्या माणसाला काय कळणार?" त्यांनी मान हलवली. "म्हणजे त्या माणसाची चूक नव्हती."

"नव्हती. मुळीच नव्हती."

"त्याला सांगितलं का कोणी?"

हॅलोबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. पूलवाल्यांच्या चेहऱ्यावर कळकळ होती, खरी कळकळ, परक्या माणसाबद्दल भल्या माणसाला वाटावी तशी.

"अहो, तो माणूस म्हणजे तुम्हीच. हे तुमच्याबद्दल लिहिलंय."

"नाही हो, बाई." ते समजूत घातल्यासारखे हसले. "मी रंगाच्या गोदामात असतो. तुम्ही खात्यातून आलात ना? त्याला शोधून काढा आणि सांगा. अशी गोष्ट माणसाला आतून खात राहते. फार उशीर केलात तुम्ही लोकांनी."

"हो," हॅलोबाई म्हणाल्या. "फार उशीर झाला. माझ्यामुळे झाला."

पूलवाल्यांना त्यांची दया आली असावी. "असू द्या," ते म्हणाले. "पण आजच्या आज कळवा त्याला."

"कळवते," हॅलोबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कागद उचलून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.